हम्मुराबीचा कायदा न्याय्य होता का, आणि आज त्यातलं काय शिल्लक आहे?

तुमचा प्रश्न असा आहे: आजच्या इराकमधल्या बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याच्या संहितेला एकीकडे जगातला पहिला लिखित कायदा म्हणून मान मिळतो आणि दुसरीकडे ‘डोळ्याला डोळा’ म्हणून ती रानटी ठरते. मग ती न्याय्य होती की नव्हती, आणि अशा प्राचीन संहितांचा आजच्या कायद्यावर खरोखर काही परिणाम आहे का? मी दिवाणी कोर्टात वकिली करतो आणि सोबत विधी महाविद्यालयात कायद्याचा इतिहास शिकवतो. दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी हाच प्रश्न विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डोळ्याच्या बदल्यात डोळा काढणं ही त्या संहितेतली सर्वांत वाईट गोष्ट नव्हे. डोळा कोणाचा आहे हे पाहून त्याची किंमत ठरायची, हा खरा अन्याय. आणि प्रभावाचं म्हणाल तर बॅबिलोनहून आपल्या कोर्टापर्यंत सरळ वाट येत नाही. रोमहून येते, आणि आपल्याच स्मृतींवर लिहिलेल्या टीकांमधून, म्हणजे भाष्यांमधून, येते.

मुळात ही संहिता पहिली नाही. हम्मुराबीने साधारण इ.स.पू. १७९२ ते १७५० राज्य केलं. त्याच्या तीनेकशे वर्षं आधी ऊरच्या राजवटीत ऊर-नम्मूच्या नावाने सुमेरियन भाषेत कायदे लिहिले गेले होते. मग लिपित-इश्तारचे आले, एश्नुन्ना राज्याचे आले. हम्मुराबीचं नाव झालं कारण त्याचा दगड जवळपास अखंड हाती लागला. काळा बेसाल्ट, सव्वादोन मीटर उंची, माथ्यावर सिंहासनावर बसलेला सूर्यदेव शमाश आणि त्याच्यासमोर उभा हम्मुराबी, खाली चहूबाजूंनी कीलाकार लिपीतला मजकूर. इ.स.पू. बाराव्या शतकात आजच्या इराणमधल्या एलाम राज्याच्या शुत्रुक-नहुन्ते राजाने तो लूट म्हणून सूसाला नेला. तिथेच १९०१-०२ मध्ये फ्रेंच उत्खननात तो सापडला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. परीक्षेसाठी पाठ केलेला २८२ कलमांचा आकडा दगडावर कुठेच नाही. १९०२ मध्ये शील या फ्रेंच अभ्यासकाने मजकूर छापताना क्रमांक घातले.

आता त्या डोळ्याकडे येऊ. संहितेत माणसांचे तीन थर आहेत: अवीलुम म्हणजे पूर्ण हक्काचा स्वतंत्र माणूस, मुश्केनुम म्हणजे त्याच्या खालच्या दर्जाचा स्वतंत्र माणूस, आणि वर्दुम म्हणजे गुलाम. एका अवीलुमने दुसऱ्या अवीलुमचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडावा, असं १९६ वं कलम सांगतं. पण डोळा मुश्केनुमचा असेल तर एक मीना चांदी द्यायची, म्हणजे आपल्या हिशेबाने अर्धा किलो. आणि गुलामाचा असेल तर गुलामाची निम्मी किंमत, तीही अर्थात त्याच्या मालकाला.

बहुतेक पुस्तकांत असं चित्र असतं की आधी सूड होता, मग डोळ्याला डोळा आला आणि माणूस सुधारल्यावर दंड आला. इराकच्या मातीतला पुरावा उलट बोलतो. हम्मुराबीच्या आधीच्या ऊर-नम्मूच्या कायद्यात डोळ्यासाठी अर्धा मीना चांदीचा दंड आहे. एश्नुन्नाच्या कायद्यात एक मीना. म्हणजे दंड जुना, आणि डोळ्याला डोळा ही नंतरची भर. असं का झालं असावं, यावर अभ्यासकांत एक मत असं आहे आणि मला ते पटतं: दंडाच्या कायद्यात श्रीमंत माणसाला मारहाण परवडते. बरोबरीच्या दोघांत शरीराची भरपाई शरीरानेच करायची म्हटलं की थैलीचा जोर संपतो. हे समर्थन म्हणून वाचू नका. बरोबरी फक्त वरच्या थरात होती, आणि खाली उतरताच तीच थैली पुन्हा चालू लागायची.

संहितेची नीट परीक्षा घ्यायची तर मी विद्यार्थ्यांना घर बांधणाऱ्याची कलमं वाचायला सांगतो, २२९ पासून पुढची. गवंड्याने घर कच्चं बांधलं, ते कोसळलं आणि घरमालक मेला, तर गवंड्याला मृत्युदंड. घरमालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला मृत्युदंड. गुलाम मेला तर गुलामाबदली गुलाम. सामानसुमान गेलं तर ते भरून द्यायचं आणि पडलेलं घर स्वखर्चाने पुन्हा उभारायचं. शेवटचं कलम वाचताना आजच्या वकिलाला काहीच परकं वाटत नाही. सदोष बांधकाम दुरुस्त करून दे आणि नुकसानही भर, हीच मागणी आम्ही बिल्डरविरुद्धच्या तक्रारीत लिहितो. पण त्याच्या दोन ओळी वर, ज्याने विटेला हात लावला नाही असा मुलगा मारला जातो. का, तर त्या व्यवस्थेत मुलगा स्वतंत्र व्यक्ती धरलेला नाही, बापाच्या मालमत्तेत धरलेला आहे. गरोदर बाईला मारहाण होऊन ती मेली तर मारणाऱ्याच्या मुलीला ठार करावं, असं २१० वं कलमही त्याच हिशेबाने चालतं. अपराध बापाचा आणि जीव मुलीचा. इथे ‘त्या काळाप्रमाणे ठीक’ असं म्हणायला माझं मन घेत नाही.

मग निकष कोणता लावायचा? आपली राज्यघटना पावणेचार हजार वर्षं मागे नेऊन लावण्यात अर्थ नाही. हम्मुराबीने स्वतःच निकष दिलेला आहे. बलवानाने दुर्बलावर जुलूम करू नये, अनाथ आणि विधवेला न्याय मिळावा म्हणून हे शब्द मी कोरले, असं तो उपसंहारात म्हणतो. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने या स्तंभापाशी यावं, मजकूर वाचून घ्यावा आणि आपला हक्क समजून घ्यावा, असंही म्हणतो. त्याच्याच शब्दांवर त्याला तपासू.

काही कलमं या कसोटीला पूर्ण उतरतात. पाचव्या कलमात न्यायाधीशाचा बंदोबस्त आहे: निकाल देऊन, शिक्कामोर्तब करून नंतर तो फिरवला, तर दाव्याच्या रकमेच्या बारा पट भरायचे आणि न्यायासनावरून कायमचं उतरायचं. पहिल्याच कलमात खुनाचा आरोप करून तो सिद्ध न करणाऱ्याला मृत्युदंड आहे. शिक्षा भयंकर, पण सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर हे तत्त्व स्पष्ट आहे. दरोडेखोर सापडला नाही तर लुटल्या गेलेल्याची भरपाई त्या गावाने आणि गावच्या मुखियाने करायची, हे २३ वं कलम. बायकोला विशिष्ट आजार जडला तर नवऱ्याला दुसरं लग्न करता येतं, पण पहिलीला टाकता येत नाही. ती जगेल तोवर घरात ठेवून पोसायचं, आणि तिला राहायचं नसेल तर तिचं स्त्रीधन परत द्यायचं. पोटगीचे अर्ज चालवणाऱ्या कोणालाही हे कलम थांबून वाचावंसं वाटेल.

आणि माझं सर्वांत आवडतं, ४८ वं. शेतकऱ्याच्या अंगावर व्याजी कर्ज आहे आणि त्या वर्षी पुराने पीक वाहून गेलं किंवा पाण्याअभावी आलंच नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य देऊ नये, कर्जाची मातीची पाटी ओली करून मजकूर बदलावा, आणि त्या वर्षाचं व्याजही देऊ नये. दुष्काळाच्या वर्षात वसुली थांबवणं ही शासनाची मेहेरबानी आहे की कर्जदाराचा हक्क, यावर आपल्याकडे आजही भांडण चालू आहे. या दगडावर ते हक्क म्हणून कोरलेलं आहे.

पण हे कोर्टात खरंच लागू होत होतं का? इथे जपून बोलावं लागतं. सिप्पर, लार्सा, निप्पूर अशा शहरांतून त्या काळचे करार, पावत्या, दाव्यांच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. अमुक कलमान्वये निकाल दिला, असं त्यांत जवळपास दिसतच नाही. संहितेतले मजुरीचे दर आणि करारांतले दरही नेहमी जुळत नाहीत. म्हणून बरेच अभ्यासक तिला आजच्या अर्थाने कायदा मानत नाहीत. देवांना आणि पुढच्या राजांना ‘मी न्यायी होतो’ असं सांगणारा तो राजाचा लेख, आणि लेखनिकांच्या शाळेतला अभ्यासाचा नमुना, असं त्यांचं म्हणणं. लेखनिक तो मजकूर हजार वर्षांहून अधिक काळ उतरवत राहिले. निनवेच्या असुरबनिपालच्या ग्रंथालयातही त्याच्या प्रती होत्या.

कोर्टात हमखास चालायचा तो राजाचा हुकूम. अधूनमधून राजा मीशारुम जाहीर करायचा, म्हणजे थकबाकी आणि गरजेपोटी काढलेली कर्जं माफ. हम्मुराबीनंतरच्या चौथ्या राजाचा, अम्मी-सदुकाचा असा हुकूम आपल्यापर्यंत पोहोचला आहे, आणि तो लिहिणाऱ्याला सावकारी चांगलीच ठाऊक होती. व्यापारातली भांडवली रक्कम माफीतून वगळलेली आहे. मग सावकार काय करणार? व्याजी कर्जाला खरेदी किंवा ठेव असं नाव देऊन दस्त लिहून घेणार. हुकूम म्हणतो, साक्षीदारांनी हे सिद्ध केलं तर दस्ताचा विपर्यास झाला म्हणून ती पाटी फोडून टाकावी. महाराष्ट्रात जमिनीचे दावे चालवणाऱ्याला यात नवीन काही नाही. हातउसने पैसे देऊन तारण म्हणून खरेदीखत लिहून घेणं, मुदतखरेदीच्या नावाखाली जमीन दाबून बसणं, हे आमच्याकडे रोजचं आहे; २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात अशा व्यवहारातली जमीन कर्जदाराला परत देण्याची तरतूद मुद्दाम करावी लागली. हा बॅबिलोनचा प्रभाव म्हणू नका. पळवाट तीच, म्हणून ती बुजवण्याची रीतही तीच.

न्याय्यतेचा आणखी एक निकष मी लावतो: कायदा स्वतःची चूक दुरुस्त करतो का? या बाबतीत हित्ती लोक पुढे होते. त्यांच्या राजधानीत, आजच्या तुर्कस्तानातल्या हत्तुसात सापडलेल्या कायद्यांत काही कलमं उघडच असं सांगतात की पूर्वी एवढा दंड होता, आता एवढा. स्वतंत्र माणसाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर पूर्वी ४० शेकेल (वजनाचं जुनं माप) चांदी, आता २०. डोक्याला इजा झाली तर दंडातला राजवाड्याचा हिस्साच राजाने सोडून दिला. देवाने दिलेला म्हणून मिरवणारा कायदा अशी कबुली देत नाही.

रोमकडे वळतो, कारण प्रभावाची खरी गोष्ट तिथे सुरू होते. इ.स.पू. ४५१-४५० मध्ये रोमचे बारा पट्ट, म्हणजे बारा फलकांवर लिहिलेले कायदे, तयार झाले ते सामान्यांनी, म्हणजे प्लीबियनांनी, रेटा लावल्यामुळे. तोवर कायदा उच्चकुळांतल्या पुरोहितांच्या तोंडी होता आणि सोयीप्रमाणे सांगितला जायचा. लिहिला गेला म्हणून तो लगेच सौम्य झाला नाही. कर्जदाराला तीस दिवसांची मुदत, मग बेड्या, मग साठ दिवसांची कैद, त्यानंतर देशाबाहेर विक्री किंवा मृत्यू. पण लिहिल्याचा एक परिणाम ताबडतोब झाला. शेवटच्या दोन पट्टांत उच्चकुळं आणि सामान्यजन यांच्यातल्या लग्नाला बंदी घातली होती. ती अक्षरात उतरली, सगळ्यांनी वाचली, आणि इ.स.पू. ४४५ मध्ये कानुलेयसच्या कायद्याने उठवावी लागली. वहिवाटीतला अन्याय कोणावर नेमका बोट ठेवून दाखवता येत नाही. कलमातला दाखवता येतो.

तरीही नुसतं लिहून भागत नाही हे रोमच शिकवतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला गायस नावाचा कायदेपंडित एक प्रकरण सांगतो. एकाच्या द्राक्षवेली दुसऱ्याने तोडल्या. त्याने दावा लावला आणि त्यात ‘वेली’ असा शब्द घातला. दावा हरला. कारण बारा पट्टांतलं कलम तोडलेल्या ‘झाडां’बद्दल होतं आणि दाव्यात कायद्यातलाच शब्द उच्चारायला हवा होता. वेली त्या कलमात मोडत होत्या हे सर्वांना मान्य, तरी दावा गेला. हे ठरलेले शब्द पुरोहितांपाशी राखलेले होते. पट्ट लागल्यावर जवळपास दीडशे वर्षांनी, इ.स.पू. ३०४ च्या सुमारास, ग्नेयस फ्लावियस या कारकुनी करून वर आलेल्या माणसाने दाव्यांचे नमुने आणि कोर्टाच्या दिवसांचं पंचांग लोकांसाठी खुलं केलं. कायदा सामान्य माणसाच्या हाती आला तो खऱ्या अर्थाने तेव्हा. हक्क पुस्तकात असतो आणि अशील हरतो कार्यपद्धतीत, हे मी माझ्या कनिष्ठांना आजही बजावतो.

दंडाचं काय झालं तेही पाहा. बारा पट्टांत साध्या मारहाणीला २५ आस (रोमन नाणं) दंड होता. पुढे नाण्याचं मोल घसरलं. लूसियस वेरातियस नावाचा श्रीमंत माणूस मौज म्हणून रस्त्यात भल्या माणसांच्या थोबाडीत मारत फिरे आणि मागून चालणारा त्याचा गुलाम थैलीतून प्रत्येकाला २५ आस मोजून देई. ऑलस गेलियस या रोमन लेखकाने ही हकिकत नोंदवून ठेवली आहे, आणि अशा प्रकारांमुळे न्यायाधिकाऱ्यांनी ठरावीक दंड बाजूला सारून प्रकरण पाहून भरपाई ठरवायला सुरुवात केली, असंही तो सांगतो. हम्मुराबीच्या डोळ्याच्या कलमामागे जी भीती असावी असं मी वर म्हटलं, ती इथे भर रस्त्यात चालताना दिसते.

आता थेट प्रभावाबद्दल. हम्मुराबीचा आजच्या कोणत्याही देशाच्या कायद्याशी वारसाहक्काचा संबंध जोडता येत नाही. पश्चिम आशियातच त्याचे नातेवाईक सापडतात. मारका बैल आहे हे सांगूनही मालकाने त्याला बांधलं नाही आणि त्याने माणूस मारला, हे प्रकरण हम्मुराबीत आहे आणि बायबलच्या निर्गम ग्रंथातही. एका बैलाने दुसरा मारला तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेल्याचं धूड दोघा मालकांनी वाटून घ्यावं, हे एश्नुन्नाचं कलम निर्गममध्ये तसंच्या तसं येतं. नक्कल की एकाच प्रदेशाचा सामाईक ठेवा, यावर मतभेद आहेत; मला दुसरं अधिक संभवनीय वाटतं. त्यानंतर हा प्रवाह मातीखाली गेला आणि १९०२ मध्ये पुन्हा वाचला गेला. मधल्या काळातल्या कायदेकर्त्यांना तो माहीतच नव्हता.

रोमचं तसं नाही. बारा पट्टांवर भाष्यं झाली, भाष्यांवरून न्यायशास्त्र उभं राहिलं, सम्राट जस्टिनियनने ते इ.स. ५२९ ते ५३४ मध्ये एकत्र केलं, युरोपच्या विद्यापीठांनी ते शिकवलं, त्यातून नेपोलियनची आणि इतर नागरी संहिता आल्या. त्यांतली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. म्हणूनच गोव्यातल्या आईबापांना मृत्युपत्राने मुलांना पूर्ण डावलता येत नाही, निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. बांद्याच्या अलीकडे, महाराष्ट्रात आलं की हिंदू वडिलांना स्वकष्टार्जित मालमत्ता कोणालाही देता येते. गंमत म्हणजे बारा पट्टांत कुटुंबप्रमुखाला मृत्युपत्राची पूर्ण मोकळीक होती. मुलांचा राखीव हिस्सा नंतरच्या रोमन न्यायालयांनी त्या मोकळिकीला लगाम घालताना निर्माण केला. प्रभाव पडला तो मूळ कलमाचा कमी, त्याच्याशी झगडलेल्या शतकांचा जास्त.

आपल्याकडेही हेच घडलं. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्याच्या काळात कल्याणी इथे मिताक्षरा लिहिली. थोरल्या मुलाला जादा वाटा द्यावा अशी वचनं शास्त्रात होती. विज्ञानेश्वराने ती नाकारली नाहीत, पण लोकांना ज्याचा तिटकारा आहे ते शास्त्रात असलं तरी आचरू नये, असं म्हणून सर्व मुलांना समान वाटा धरला. माझ्या मते प्राचीन कायद्याच्या इतिहासातला हा फार धाडसी युक्तिवाद आहे. मात्र ‘सर्व मुलांना’ म्हणजे मुलग्यांना, हेही विसरू नका.

पुढे १७७२ मध्ये बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने हिंदूंचे वारसा, विवाह असे प्रश्न शास्त्राप्रमाणे सोडवण्याचं ठरवलं आणि टीकाकारांच्या चर्चेत हलता असलेला मजकूर कोर्टात गोठू लागला. मुंबई इलाख्याने १८२७ च्या नियमात रूढीला मानाचं स्थान दिलं, त्यामुळे इथे थोडी हवा राहिली. आणि मनुस्मृतीचा प्रश्न तर ग्रंथापुरता कधीच नव्हता. हम्मुराबीचे तीन थर त्याच्या समाजाबरोबर संपले. मनूची वर्णानुसार शिक्षांची विषमता माणसांच्या पाण्यापर्यंत जिवंत होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीची होळी झाली ती म्हणूनच. प्राचीन ग्रंथ न्याय्य होता का हा प्रश्न तिथे अभ्यासाचा उरलाच नव्हता.

मिताक्षरा मात्र आजही माझ्या टेबलावर असते. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क हा तिचा सिद्धान्त १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलग्यांपुरता तसाच ठेवला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना त्यात घेतलं, २००५ मध्ये केंद्राने सगळ्या मुलींना घेतलं, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. त्या निकालानंतर वाटपाच्या कितीतरी प्रलंबित दाव्यांत बहिणींचे हिस्से नव्याने मांडावे लागले.